थाळी महागली, गल्ला घटला

"काकू, ऐकलं का? भिगवणचं हॉटेल बसलं म्हणे!"

भिगवण हे शेजारणीचं माहेर. आमच्या आणि तिच्या अंगणाच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावरून शेवग्याच्या शेंगा, दह्याचं विरजण आणि बारामती-इंदापूरच्या सगळ्या बातम्या इकडून तिकडे होतात. मी जन्मभर पतसंस्थेत खतावण्या लिहिल्या, त्यामुळे बातमी कुणाचीही असो, मला आधी आकडा लागतो.

"बसलं म्हणजे नेमकं काय झालं गं?"

"अहो, दादानं चिलापीची थाळी 200 ची 250 केली. तेल चढलं, गॅस चढला, लिलावात मासळी चढली, करतो काय बिचारा! पण जिथं दिवसाला 80 ताटं उठायची तिथं आता 55 वर आलंय. वहिनी म्हणते, रात्री गल्ला मोजायला नको वाटतो."

"होणारच की. उजनीचं पाणी भिगवणपर्यंत पसरलंय तेव्हापासून त्या पट्ट्याला मासा काही कमी नाही, आणि पुणे-सोलापूर रस्त्याला मच्छीच्या पाट्या ओळीनं. तुझ्या दादाकडं 250 आणि शेजारी 200 असेल तर गाडीवाला शेजारीच वळणार. त्याचं काय जातंय, स्टिअरिंग तर फिरवायचं!"

"मग आपल्या गिरणीवाल्याचं कसं चालतं हो? दळणाला किलोमागं दोन रुपये वाढवले. बाया चार दिवस बडबडल्या, पाचव्या दिवशी डबे पुन्हा रांगेत. तुमचा डबा तर माझ्या पुढं होता!"

"होता. दुसरी गिरणी कुठंय? आणि भाकरी काय कमी खायच्यात? जिथं गिऱ्हाइकाला पळायला वाट नाही तिथं भाव वाढला की गल्ला वाढतो. जिथं दहा वाटा आहेत तिथं तोच भाव अंगावर येतो."

तिचा थोरला बी.कॉम.ला आहे. तो तेवढ्यात गाडी पुसता पुसता म्हणाला, "आई, ह्याला मागणीची लवचिकता म्हणतात." आई म्हणाली, "तू आधी आरसा पूस."

मी मात्र कॅलेंडरच्या मागं हिशेब मांडायला घेतला. सवय जात नाही. 80 ताटं गुणिले 200 म्हणजे 16,000. 55 गुणिले 250 म्हणजे 13,750. गल्ला सव्वादोन हजारांनी पडला, खरंय. पण आज एका ताटाला मासा, तेल, मसाला, भाकरी धरून 120 रुपये खर्च येतो असं धरलं तर? थाळी 200 लाच ठेवली असती तर ताटामागं 80 सुटले असते, 80 ताटांचे झाले 6,400. आता 130 सुटतात, 55 ताटांचे झाले 7,150.

"म्हणजे दादाला साडेसातशे जास्त सुटतात?" तिनं भिंतीवर कोपर टेकलं. "आणि वहिनी फोनवर रडतेय!"

"गल्ला बघून रडतेय. गल्ला आणि नफा ह्यांत चांगले चांगले फसतात. पण लगेच नाचू नकोस. पहिल्या महिन्यात माणूस सवयीनं येतो. पुढं त्याला शेजारचा रस्सा आवडला की हे 55 चे 45 होतील, आणि मग 5,850. भाव वाढवल्याचा खरा निकाल सहा महिन्यांनी लागतो. आणि श्रावणातला आकडा तर धरूच नकोस. त्या महिन्यात थाळी 100 ची केली तरी श्रावण पाळणारा माणूस यायचा नाही. तो भावाचा दोष नाही, पंचांगाचा आहे."

"मग सांगू काय त्याला?"

"भाव राहू दे म्हणावं, पण रस्सा दुसऱ्यांदा मागितला तर तोंड वाकडं करू नको."

भाव वाढवण्यात बिस्किटवाले सगळ्यांत हुशार, असं तिचं मत पडलं. पुडा पाच रुपयांचाच, पण दर खेपेला हाताला हलका लागतो. गिऱ्हाईक नाणं मोजतं, वजन मोजत नाही. मला हे पटलं, पण चहाच्या वेळेला असलं बोलू नये.

मग गाडी एसटीवर आली. ती येणारच होती, कारण तिची नणंद इंदापूरची. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि नणंदबाई, ज्या पूर्वी दिवाळीला नि जत्रेला उगवायच्या, त्या आता महिन्याला हजर.

"स्वस्त झालं की माणूस वाढतं, ते आमच्या स्वैपाकघरात कळलं," ती म्हणाली. "पण एसटी बुडत कशी नाही?"

"उरलेलं अर्धं सरकार भरतं म्हणून. तसं नसतं तर तेवढेच पैसे जमवायला बायका दुप्पट बसायला हव्या होत्या. उलटं बघ. 25 जानेवारी 2025 ला भाडं 14.95 टक्क्यांनी वाढवलं. त्याच्या आधीची वाढ ऑक्टोबर 2021 ची. आता हिशेब असा, की शंभरातले तेरा प्रवासी तुटले तरी गल्ला होता तेवढाच राहतो. तेराहून कमी तुटले तर एसटीचा फायदा. ज्याच्या दारात मोटारसायकल आहे तो तुटतो. ज्याच्या दारात काही नाही तो बारामतीच्या स्टँडवर उभाच राहतो, काय करेल?"

"म्हणजे भार गरिबावरच."

"गिरणीसारखंच."

एवढ्यात तिनं कांदा काढला. सुप्याकडं तिच्या सासरची जिरायत आहे, आणि कांद्याचं नाव निघालं की तिचा आवाज चढतो. 7 डिसेंबर 2023 ला निर्यात बंद झाली, ती उठली 4 मे 2024 ला, तीही टनाला किमान 550 डॉलरची अट आणि 40 टक्के शुल्क लावून. "तोवर आमचा कांदा चाळीत कुजला की हो! पीक चांगलं आलं तेव्हाच हातात काही नाही, हे कसलं गणित?"

"जुनंच आहे. कांदा 10 रुपयांवर आला म्हणून तू भाजीत दोन जास्त चिरतेस का? नाही. 60 वर गेला तर एकदम बंद करतेस का? तेही नाही. जी वस्तू लोक भाव बघून कमी-जास्त खात नाहीत, ती थोडी जास्त पिकली की भाव धाडकन पडतो. इंग्लंडात सतराव्या शतकात ग्रेगरी किंग म्हणून एक होता. त्याच्या नावावर धान्याचा हिशेब सांगतात. पीक दहावा हिस्सा घटलं तर भाव तीन दहाव्या हिश्श्यांनी चढतो. म्हणजे 100 पोती शंभरानं गेली तर 10,000, आणि 90 पोती एकशेतीसनं गेली तर 11,700. कमी पिकवलं की जास्त पैसे!"

"मग सगळ्यांनी कमी लावावा."

"लाव की तू. शेजारचा लावेल दुप्पट, आणि तुझ्या वाट्याचा भावही तोच खाईल. साखरेचं बघ, तीही लोक भाव बघून खात नाहीत. म्हणून तर जून 2018 पासून प्रत्येक कारखान्याला महिन्याचा कोटा आहे. माळेगाव असो, सोमेश्वर असो, नाहीतर भवानीनगरचा छत्रपती, ह्या महिन्यात एवढीच साखर विकायची. सगळ्यांनी एकदम गोदामं उघडली तर भाव पाताळात जाईल. शिवाय किलोला किमान भाव, आधी 29, फेब्रुवारी 2019 पासून 31."

"31 म्हणजे चांगलंच की."

"चांगलं होतं. तेव्हापासून उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, टनाला 2,750 वरून 2025-26 च्या हंगामाला 3,550 वर गेली, आणि त्या हंगामाचं गाळप सुरू झालं तेव्हाही साखरेचा किमान भाव 31 च होता. उसाचा भाव ठरवतं सरकार, साखरेचा तळही सरकारच, आणि मधल्या खड्ड्यात सभासद."

"तरी त्यांना तळ तरी आहे!" ती भिंतीवरचं कोपर काढत म्हणाली.

तेही खरंच. साखरेला कोटा आहे आणि किमान भावही आहे. कांद्याला दोन्ही नाही. त्याच्या नशिबी फक्त निर्यातबंदी, आणि तीही भाव चढला की.