गावी जाण्याची सुधारित पद्धत

जुन्या उलव्याच्या माणसाने आता एकदा तरी गावी जाऊन यावे. कोकणात गणपतीला एसटीत उभे राहून गाव गाठावे लागते. इथे, नवी मुंबई विमानतळ झालेल्या गावात, 25 डिसेंबर 2025पासून थेट विमान उतरते.

गावाचा कायापालटही डोळ्यांत भरणारा आहे. सुमारे 90 मीटरची उलव्याची टेकडी उगाच उभी होती, तिला आडवे केले. नदी मनाला येईल तशी वाहायची, तिला वळण लावले. दहा गावे धावपट्टीच्या वाटेत बसली होती, ती उठवली. विस्थापितांसाठी वसवलेल्या नगराला नाव दिले पुष्पकनगर. जमीन घेऊन त्या बदल्यात विमान, तेही रामायणातले! याहून चोख व्यवहार कोणता?

रीतिरिवाजही जपले आहेत. पूर्वी आत येताना चपला काढत, आता बूट काढून ट्रेमध्ये ठेवता येतात. पाय धुण्याऐवजी अंगझडती.

आता एकच सुधारणा हवी. जुन्या घरांच्या खुणा धावपट्टीवर रंगवाव्यात. म्हणजे वैमानिकाला सांगता येईल, ‘पाटलांच्या तुळशीवृंदावनापासून डावीकडे वळा.’

परवा एक आजोबा प्रवेशद्वाराशी आले.

“तिकीट दाखवा. कुठे जायचंय?”

“कुठंच नाय. इथंच.”

रखवालदाराने नम्रपणे सांगितले, “इथलं तिकीट मिळत नाही, बाबा.”