उडावे तसे भरावे

आमच्या एका नाशिककर स्नेह्यांना पन्नाशी उलटल्यावर पंख फुटले. या वयात माणसाला गुडघेदुखी होते, फार तर अध्यात्म होते. यांनी खासगी वैमानिकाचा परवाना काढला. धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवरून छोट्या सेस्नात 40 तासांचं उड्डाण, हवामानशास्त्रापासून हवाई नियमांपर्यंतचे पेपर, डॉक्टरी तपासणी, सगळा रीतसर मामला. परवाना हातात पडला त्या दिवशी काकूंनी पेढे वाटले आणि संध्याकाळी विमा एजंटला बोलावलं. काकू व्यवहारी आहेत.

एजंट सोसायटीतलाच मुलगा. फॉर्म भरण्यात त्याचा हात असा बसलेला की समोरच्याने तोंड उघडायच्या आत तो ‘नाही’च्या चौकटीत खुणा करत खाली सरकतो. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तंबाखू नाही. धोक्याचा छंद...

“आहे,” काका म्हणाले.

पेन थांबलं. “कसला?”

“विमान चालवतो.”

“म्हणजे विमानाने जाता.”

“नाही रे, मीच चालवतो.”

मुलाने दाराकडे एकदा पाहिलं. “काका, हे लिहायलाच पाहिजे का?”

विमा कायदा 1938 च्या कलम 45 प्रमाणे पॉलिसीच्या पहिल्या तीन वर्षांत महत्त्वाची माहिती दडवल्याचं निघालं, तर कंपनी दावा फेटाळू शकते. तीन वर्षं उलटली की मात्र कुठल्याही कारणाने तिला पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही. थोडक्यात, खोटं लिहिणाऱ्याने निदान तीन वर्षं मरू नये, इतकीच कायद्याची माफक अपेक्षा. पण काका खरं लिहून मोकळे झाले आणि कंपनीने त्यांना वैमानिकांसाठीची खास प्रश्नावली धाडली. आजवर एकूण किती तास उडालात? गेल्या बारा महिन्यांत किती? पुढच्या बारा महिन्यांत किती उडणार?

या प्रश्नांना बरोबर उत्तर नसतं. तास कमी लिहावेत तर माणूस नवशिका, म्हणून जोखीम. जास्त लिहावेत तर सारखा आभाळात, म्हणून जोखीम. कंपनीला वैमानिक मुरलेला हवा, फक्त त्याने न उडता मुरावं. मग हजारी दराने जादा हप्ता लागतो. समजा, विमा रकमेच्या दर हजारामागे 2 रुपये लावले, तर एक कोटीच्या विम्याला वर्षाचे 20,000 रुपये वाढले. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी सरकारने काढून टाकला. काकांना तो आनंद घेता आला नाही.

कंपनीचं अगदीच चुकतं असं नाही. अमेरिकेत छोट्या खासगी विमानांच्या उड्डाणाच्या साधारण लाख तासांमागे एक जीवघेणा अपघात होतो. एअरलाइनचा हिशेब याहून कितीतरी सुरक्षित. म्हणूनच एअरलाइनच्या वैमानिकाला सहसा साधाच दर लागतो. पोटासाठी उडाल तर शहाणे, हौसेसाठी उडाल तर वेडे.

अपघाती मृत्यूच्या रायडरची तर बातच न्यारी. विमान अपघातात भरपाई हवी असेल, तर तुम्ही प्रवासी असायला हवं, विमान प्रवासी नेण्यास अधिकृत असायला हवं, आणि विमानात तुमच्याकडे कसलंही काम नसायला हवं, असा या कलमाचा नेहमीचा मथितार्थ. म्हणजे काकू शेजारच्या खुर्चीत चिवडा खात बसल्या असतील, तर त्यांचा दावा निदान विचारात घेतला जाईल. त्याच विमानात, त्याच क्षणी, विमान सावरायची धडपड करणारे काका मात्र बाद. त्यांनी ऐनवेळी हात वर करून “मी आता प्रवासी” असं जाहीर केलं तर चालेल का, हे एजंट वरच्या ऑफिसात विचारणार आहे.

आरोग्य विम्याचा न्याय याच्या बरोबर उलटा. तिथे साहसी खेळांचं एक ठरीव कलम असतं: गिर्यारोहण, राफ्टिंग, घोड्यांच्या शर्यती, स्कूबा, स्काय डायव्हिंग वगैरे व्यावसायिक म्हणून केलंत, तर उपचारांचा खर्च नाही. इथे व्यावसायिक वाईट, हौशी निर्धास्त. शिवाय यादीत विमान चालवण्याचं नावही नाही. एजंट खूश झाला. पण यादीच्या तोंडालाच लिहिलंय की ती एवढ्यापुरती मर्यादित नाही. वकिलांची मुलं शिकतात ती अशाच वाक्यांवर.

खरी गंमत तपासणीत आहे. वैमानिकाचे डोळे, कान, हृदय, छाती, लघवी हे सगळं सरकारमान्य डॉक्टर ठरावीक मुदतीने तपासतो. काकांचा रक्तदाब किंचित वर आहे, हे अशाच तपासणीत कळलं. झालं! तो ‘आधीपासूनचा आजार’ ठरला आणि त्याला 36 महिन्यांपर्यंत थांबण्याची अट लागू शकते. त्यांच्या शेजाऱ्यांनी दहा वर्षांत दंडाला पट्टा लावून घेतलेला नाही. ते ठणठणीत. आपल्याकडे निरोगी राहायचा हा खात्रीचा मार्ग आहे.

हौशी वैमानिकाने मनाला लावून घेऊ नये. भारतात पहिल्या क्रमांकाचा वैमानिकाचा परवाना 1929 साली जे. आर. डी. टाटांना मिळाला. त्यांच्या समूहाची न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स मात्र 1919 मध्येच उभी राहिली होती. क्रम लक्षात घ्या: आधी विमा कंपनी काढायची, मग उडायचं.

ज्यांना ते परवडत नाही, त्यांनी जमिनीवर राहावं. देशात 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांतली 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची. तरी फॉर्ममध्ये दुचाकीस्वारासाठी खास प्रश्नावली नाही. ती असावी, अशी आमची नम्र सूचना आहे. गेल्या बारा महिन्यांत किती वेळा उलट दिशेने गेलात? पुढच्या बारा महिन्यांत किती वेळा जाण्याचा मानस आहे? हेल्मेट डोक्यावर होतं, कोपरात होतं, की पेट्रोलच्या टाकीवर? खांदा आणि कान यांच्यामध्ये मोबाइल धरून एकूण किती तास?

पण हे विचारलं तर महाराष्ट्रात साध्या दराने विमा कुणालाच मिळायचा नाही, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून काका दर रविवारी पहाटे मोटरसायकल काढतात, मुंबई-आग्रा महामार्गाला लागतात, कांद्याच्या ट्रकांमधून वाट काढत चांदवडचा राहूड घाट उतरतात आणि धुळ्याला पोचून विमानात बसतात. जादा हप्ता तिथून पुढचा.