सात मिलिमीटरचे मामा

पेन विकत घ्यायला आपल्याला पाच मिनिटं लागतात, तीही दुकानदाराकडे सुटे नसले तर. आमच्या मंचेरियलच्या मामांना एक पेन लेथवर कातायला तास-दीड तास लागतो. पण त्या पेनाचं किट कोणाकडून मागवायचं, हे ठरवायला त्यांनी मागच्या पोळ्याला सुरुवात केली होती. यंदाचा पोळा झाला, तान्हा पोळाही झाला. किटचं अजून ठरायचं आहे.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. मूळ घर राजुऱ्याचं. राजुरा 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या अदिलाबाद जिल्ह्यात होतं. भाषेवर राज्यं झाली तेव्हा राजुरा इकडे मराठी मुलखात आलं आणि मंचेरियल तिकडे तेलुगू मुलखात राहिलं. मामा आयटीआय करून टर्नर झाले, तिकडच्या कोळसा खाणींच्या वर्कशॉपात लागले आणि ‘आपण नोकरीला परराज्यात नाही, जुन्या जिल्ह्यातच गेलो’ असं अजून सांगतात. घरात ते मराठी बोलतात, भाजीवालीशी तेलुगू बोलतात आणि पेनकिटच्या पुरवठादारांशी जे बोलतात त्याला ते इंग्रजी समजतात.

तीस-पस्तीस वर्षं मामांनी पंपाचे शाफ्ट कातले. मांडीएवढा जाड लोखंडी दांडा, आणि त्यात दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, इकडचे तिकडे झाले की त्या रात्री मामा जेवत नसत. निवृत्त झाल्यावर मामींनी त्यांना भाजी निवडायला बसवलं. पहिल्याच दिवशी त्यांनी भेंडीला जाडी मोजायचं व्हर्नियर लावलं. दुसऱ्या दिवशी मामींनीच सांगितलं, “तुमचं ते लेथचं काहीतरी पाहा बाप्पा.” मागच्या पडवीत छोटं लेथ आलं. त्यावर काय करायचं हा प्रश्न होता, तो एका भाच्यानं सोडवला. तो भाचा मी. मी त्यांना हातानं कातलेल्या लाकडी पेनांचे फोटो दाखवले. आई अजून मला त्यावरून बोलते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. किट म्हणजे पेनाची सगळी आतली-बाहेरची मंडळी: टोक, क्लिप, मधलं कडं, फिरवायची यंत्रणा, रिफिल आणि दोन पितळी नळ्या. आपण लाकडाच्या ठोकळ्याला आरपार भोक पाडायचं, नळी आत चिकटवायची, ठोकळ्याची तोंडं काटकोनात घासायची, मग तो मँड्रेलच्या दांड्यावर चढवून हव्या त्या जाडीपर्यंत कातायचा. शेवटी सगळं दाबून बसवायचं. सगळ्यात साधं आणि स्वस्त म्हणजे स्लिमलाइन. त्याच्या नळीला सात मिलिमीटरचं ड्रिल लागतं. थोडक्यात, पेन त्यांचं, फक्त साल तुमची.

इथपर्यंत कुणीही सरळ माणूस पोचतो. पुढची खोच अशी की जाडी कुठवर उतरवायची ते सांगायला ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना बुश नावाच्या लोखंडी चकत्या लावतात, आणि प्रत्येक जातीच्या किटचे बुश वेगळे. सिगार जातीचं किट घेतलं की दहा मिलिमीटरचं ड्रिल आणि त्याचे बुश. सिएरा घेतलं की त्याचं ड्रिल इंचाच्या चौसष्टांशात, सत्तावीस चौसष्टांश, आणि ते मंचेरियलच्या हार्डवेअरवाल्याला सांगितलं की तो आधी आपल्याकडे आणि मग आपल्याबरोबर आलेल्या माणसाकडे पाहतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मामांना मसाल्याचं दुःख नाही. मसाला निवडता येतो, याचाच त्यांना आनंद.

त्यासाठी त्यांनी एक रजिस्टर घातलं आहे. जुन्या मस्टरसारखं लांबडं, आडवे-उभे रकाने आखलेलं. पुरवठादाराचं गाव, किटची जात, विचारल्याची तारीख, उत्तर आल्याची तारीख, मुलामा कशाचा, नळीचा व्यास ‘सांगितलेला’, नळीचा व्यास ‘निघालेला’, आणि शेवटी एक रकाना: ‘बोलण्याची पद्धत’. शंभरपैकी गुण. एका पुरवठादाराला शून्य मिळालं आहे. त्याचा गुन्हा काय? मामांनी विचारलं, ही नळी आणि मागची नळी यात फरक किती? तो म्हणाला, “सेम टू सेम आहे सर.” ज्या माणसानं आयुष्यात कुठल्याच दोन वस्तू सेम पाहिल्या नाहीत, त्याच्याशी हे बोलायचं नसतं.

एक फोन मी स्वतः ऐकला आहे. त्यांच्या त्या इंग्रजीतून मराठी करून देतो.

“नळीचा बाहेरचा व्यास किती?”

“सात एमएम, सर.”

“सात म्हणजे किती?”

“सात म्हणजे... सात, सर.”

“सहा पूर्णांक नऊ पाच, की सात पूर्णांक शून्य दोन?”

पलीकडे बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज आला.

“सर, पीस किती पाहिजेत? शंभर, दोनशे?”

“आधी एक. मोजून पाहतो.”

फोन बंद झाला. मामांनी शांतपणे रजिस्टर उघडलं आणि बोलण्याच्या पद्धतीत चार गुण दिले. “मधात तोडलं नाई त्यानं,” मला म्हणाले, “ऐकून घेतलं. आजकाल कोण ऐकते बे?”

मुलाम्याचं त्यांचं ज्ञान तर सोनाराला लाजवेल. सोन्याचा पातळ मुलामा घामानं उडतो, आणि मंचेरियलच्या मे महिन्यात घाम नाही असा माणूस नाही. टायटॅनियम नायट्राइड दिसतं सोन्यासारखं, टिकतं लोखंडासारखं. क्रोम बरं. ऱ्होडियम त्याहून बरं, पण पैसे मोजताना हात कापतो. हे सगळं ते जेवताना सांगतात. मामी वाढत असतात, पाहुणा ‘हो का’ म्हणत असतो आणि ताटातलं वरण गार होत असतं.

पार्सलांची एक वेगळीच कथा. मंचेरियल 2016 च्या ऑक्टोबरात स्वतंत्र जिल्हा झाला, पण मामांनी पत्त्यात ‘जिल्हा अदिलाबाद’ लिहायचं सोडलं नाही. त्यामुळे मागवलेलं एक किट आधी अदिलाबादला जाऊन आलं. दुसरा कोणी चिडला असता. मामा खूश झाले. ‘पार्सल फिरून आलेली गावं’ असा नवा रकाना आखायला मिळाला.

आता लाकडाचं. इथे गोष्ट जरा नाजूक होते, कारण इथे नातेवाईक येतात. मंचेरियलच्या आजूबाजूला सागाचं जंगल आहे, पण कव्वालचं रान वाघांसाठी राखलेलं, आणि सागाचा ओंडका हलवायला वनखात्याचा परवाना लागतो. मामा कायद्याचे पक्के. जंगलातली काडी उचलत नाहीत. म्हणून त्यांची नजर माणसांच्या घरांवर आहे. आमच्याकडे आले की बसण्याआधी ते खुर्ची उलटी करून पाहतात. एका लग्नात बोहल्याजवळचं मुसळ हातात घेऊन इतका वेळ निरखत होते की वरपक्षाला शंका आली. तेंदूच्या पानाची बिडी सगळ्यांना ठाऊक, पण त्याच्या जुन्या झाडाचा गाभा काळाकुट्ट आबनूस असतो, हे मामांना ठाऊक. राजुऱ्याच्या वाड्याची मोडकी चौकट मामांनी फाडवली ती त्या काळ्या पट्ट्यासाठी. त्यातून सात पेनं निघाली. चौकट गेल्यावर भिंतही थोडी आली, पण तिचा पेनाला उपयोग नव्हता.

निर्मलच्या खेळण्यांचं पोनिकी लाकूडही त्यांनी करून पाहिलं. ते मऊ आणि हलकं. खेळण्याला उत्तम, पेनाला नाही. कातताना त्याचा भुसाच जास्त होतो.

आणि मग लाटणं. लग्नाच्या वाढदिवसाला मामांनी मामींना दोन पेनं दिली. बिजाच्या लाकडाची, फेविक्विकचे दहा थर चढवून काचेसारखी चकाकवलेली. तो पावसाळा होता. फेविक्विक ओलीवर घट्ट होतं आणि हवेत ओल भरपूर, त्यामुळे तिसऱ्या थराला अंगठा पेनालाच चिकटला होता. तेही मामांनी हौसेनं सांगितलं. मामींनी पेन उजेडात धरलं, रेषा पाहिल्या आणि म्हणाल्या, “हे माझ्या आईनं दिलेलं लाटणं आहे.”

एका लाटण्यात दोन पेनं बसतात. पोळी एकही बसत नाही. चूक कळल्यावर मामांनी नवं लाटणं कातून दिलं, सागाचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत बत्तीस मिलिमीटर, दोन थाऊचाही फरक नाही. लाटण्याला मध्ये थोडं पोट लागतं, हे मामींनी सांगितलं तेव्हा मामा दुखावले. “मग त्याले एकसारखं कसं म्हणायचं?” तेव्हापासून त्या घरात पोळ्या चौकोनी होतात.

गेल्या वर्षी मामा बॉलपेन सोडून शाईच्या पेनाकडे वळले. तिथे निबेचा घोळ. किटबरोबर येणाऱ्या निबेवर जर्मनी कोरलेलं असतं, म्हणून ती जर्मनीचीच असते असं नाही. जर्मनीत बर्लिनची जोवो आणि हायडेलबर्गची बॉक या खरोखरच्या निबवाल्या कंपन्या आहेत, आणि त्यांची निब घ्यायची तर किटहून महाग. मामांनी भिंगातून निब पाहिली, अक्षरं मोजली आणि रजिस्टरात लिहिलं: ‘जर्मनी (?)’.

या टप्प्यावर त्यांना राजमहेंद्रीची ओढ लागली. राजमहेंद्रीचे रत्नम हे हातानं पेन करणारे जुने कारागीर. त्यांचं पेन ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींना पोचलं आणि जुलै 1935 मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून त्यांना आभाराचं पत्र लिहिलं, परदेशी पेनाला हे चांगला पर्याय दिसतं अशा अर्थाचं. मामांना यात वर्ध्याचा भाग विशेष प्रिय. “पेन तिकडलं, पण पास आपल्या विदर्भानं केलं.” शिवाय गोदावरी. ती नाशिकजवळून निघते, बासरला सरस्वतीच्या दारावरून जाते, जिथे पोरांना पहिलं अक्षर गिरवायला नेतात, मग मंचेरियलजवळून पुढे राजमहेंद्रीला पोचते. मामांच्या मते नदीच पेनवाल्यांची ओळ लावत गेली आहे आणि मधला नंबर त्यांचा.

मामींना घेऊन ते राजमहेंद्रीला जाऊन आले. एबोनाइटचं, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचं, एक पेन आणलं. तिथे किट नाही, बुश नाही, पितळी नळी नाही. दांडा कातायचा, आटेही त्यातच पाडायचे. मामांनी घरी येऊन त्याला व्हर्नियर लावलं, आटे फिरवून पाहिले, टोपण उघडून लावून पाहिलं आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. म्हणजे पेन चांगलं होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “हे खरं. आपलं ते रेडिमेड कपड्याले बटन लावल्यासारखं.” मला वाटलं, किटचं प्रकरण संपलं. चौथ्या दिवशी त्यांनी आटे पाडायच्या टॅप आणि डायच्या पुरवठादारांसाठी दुसरं रजिस्टर घातलं.

आमच्या नात्यात आता मामांचं पेन नाही असं घर नाही. वापरात मात्र एकही नाही, आणि यात कुणाचा कृतघ्नपणा नाही. स्लिमलाइनला क्रॉस जातीची बारीक रिफिल लागते. ती संपली की गावातला दुकानदार पेन उलटसुलट पाहून विचारतो, “हे कोणत्या देशाचं?” बँकेत मी एकदा ते पेन काढलं. पाठीमागच्या काकांनी ते सही करायला मागितलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं, छान आहे म्हणाले आणि काउंटरला दोरीनं बांधलेल्या पेनानं सही केली.

मी मामींना एकदा विचारलं, एवढी चौकशी कशासाठी? पेनं तर वर्षाला दहा-बारा होतात. मामी तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, “अरे, नोकरीत त्यांना कुणी काही विचारलंच नाही. स्टोअरमधून जे लोखंड यायचं ते कातायचं. खराब असलं तरी कातायचं. हे नको, ते द्या, असं म्हणायची सोय नव्हती. आता म्हणून राहिले.” आणि खडा बाजूला काढला.

परवा मामांचा फोन आला. पुरवठादार ठरला होता. व्यास बरोबर, मुलामा बरोबर, बोलण्याची पद्धत ब्याण्णव गुण. ऑर्डर द्यायला फोन केला तर कळलं, ते किट त्यानं ठेवणं बंद केलंय. आवाजात मला दुःख शोधूनही सापडलं नाही. “आता पुन्हा पहिल्यापासून पाहा लागते बे,” मामा म्हणाले, आणि पोरानं सुट्टी लागल्याचं सांगावं तसं म्हणाले.

येत्या महिन्यात ते चंद्रपूरला महिनाभर राहायला येताहेत. रिकाम्या हातानं कुणाकडे जायचं नाही म्हणून ओळखीच्या सगळ्यांसाठी पेनं केली आहेत. तुमच्याकडे आले तर पेन घ्या, चहा द्या, नळीचा व्यास जरूर विचारा. फक्त जुन्या खाटेचा खूर, मुसळ, तेंदूची एखादी काळी चौकट घरात असेल तर ते येण्याआधी आतल्या खोलीत ठेवा. लाटणंसुद्धा.