खडूचे दोन शब्द

गाडी खोलणारा माणूस गिअरबॉक्स खाली उतरवतो, तेव्हा तो कुठल्या गाडीचा हे त्याला पक्कं ठाऊक असतं. गाडी समोरच उभी असते. नेमक्या त्याच वेळी तो खडू उचलत नाही. दोन शब्द लिहायचे, 'मारुती ८००'. वाटलंच तर पुढे 'पाच गिअर'. इतकं झालं असतं तर माझे कुर्ल्याच्या भंगार बाजारातले तीन रविवार वाचले असते.

माझी ८०० आहे २००१ची. पंधरा वर्षांनंतर दोनदा पासिंग करून घेतलेली, इंजिन ठणठणीत. पाचवा गिअर मात्र टाकला की सुटतो. मिस्त्री म्हणाला, ''काका, खोलून भरण्यापेक्षा सेकंडचा आणा. पाच गिअरचाच आणा बरं का.'' हे 'बरं का' किती महागात पडणार, ते त्यानं सांगितलं नाही.

८०० ही गाडी १९८३ ते २०१४ अशी तीस वर्षं निघाली. बहुतेक गाड्यांना चार गिअर. पाच गिअरवाली आली २००० साली, एमपीएफआय इंजिनाबरोबर. म्हणजे ढिगाऱ्यातल्या शंभर डब्यांत माझा डबा कुठेतरी आहे, आणि सगळे डबे काळे, तेलकट, एकमेकांच्या अंगावर पडलेले. दुकानदार सगळ्यांकडे एकच बोट दाखवतो आणि म्हणतो, ''बसणार साहेब. घेऊन जा.''

पहिल्या रविवारी त्यानं हातात दिला तो ओम्नीचा होता. इंजिन ७९६ सीसी, सिलिंडर तीनच, पण ओम्नी मागच्या चाकांवर चालते. तिच्या गिअरबॉक्सला मागे प्रोपेलर शाफ्टसाठी लांब शेपूट असतं. ८००च्या डब्यातच डिफरन्शियल असतं आणि दोन्ही अंगांना अॅक्सलची भोकं. शेपूट दिसत असताना 'बसणार साहेब' म्हणायचं, याला माझा आक्षेप आहे. मी तो तिथेच तोंडी नोंदवला.

दुसऱ्या रविवारी शेपूट नसलेला सापडला. पण चार की पाच? लिव्हरच्या दांडीवरून चटकन कळत नाही, कारण दोन्हींत दांडीच्या जागा तीनच. फरक इतकाच, की चारवाल्यात तिसऱ्या जागेवरून ती एकाच बाजूला जाते, रिव्हर्सला. पाचवाल्यात दोन्ही बाजूंना. गंजलेल्या दांडीला हे विचारायचं तर पाइप लावून जोर करावा लागतो. खात्रीची खूण टोकाला असते. पाचव्या गिअरची जोडी मुख्य डब्याबाहेर, पत्र्याच्या झाकणाखाली बसते. झाकण दिसलं की पाच. ते बघायला डबा उलटा करावा लागतो. तो उलटला, तेव्हा आतलं उरलेलं तेल माझ्या पँटवर आलं. बोटावर घेऊन उन्हात धरलं, तर त्यात चांदीसारखी बारीक चमक. दात झिजल्याची ती निशाणी. झाकण होतं, डबा मात्र गेलेला होता.

तिसऱ्या रविवारच्या डब्याला तर चंदेरी रंगच मारलेला! हा खरा अन्याय आहे. ओतीव अक्षरांत रंग भरला, की हाताला फक्त उंचवटे लागतात, वाचता काही येत नाही. मी चावीच्या टोकानं रंग खरवडत बसलो. दुकानदार म्हणाला, ''साहेब, फिनिशिंग खराब होतंय.''

आरसी बुकात चासी नंबर असतो, इंजिन नंबर असतो. २०२१च्या नियमांप्रमाणे अधिकृत केंद्रात गाडी भंगारात दिली, तर तिचं प्रमाणपत्रही मिळतं. गिअरबॉक्सचा मात्र कुठल्याच कागदावर उल्लेख नाही. जन्मभर प्रत्येक चढावर ज्यानं गाडी ओढली, त्याची खोलल्या दिवशी ओळखच पुसली जाते. ती टिकवायला शासनाचा अध्यादेश नको. खडू पुरतो, आणि तेलावर खडू उठत नसेल तर ऑइलपेंटचा डबा. मी हे दुकानदाराला शांतपणे समजावलं. तो म्हणाला, ''बरोबर आहे,'' आणि मला चहा दिला. लिहिलं काही नाही.

अखेर मिळाला. झाकण होतं, तेल स्वच्छ होतं, अॅक्सलच्या भोकांतले दात बोटाला धारदार लागले. मिस्त्रीनं बसवला. पाचवा पडला आणि पडलेलाच राहिला.

जुना डबा भंगारात देण्याआधी मी रॉकेलनं पुसला, वाळू दिला आणि पांढऱ्या ऑइलपेंटनं ठळक लिहिलं : 'मारुती ८००, २००१, पाच गिअर, पाचवा सुटतो'. बाकीचे चार कुणाच्या तरी उपयोगी पडतील. भंगारवाल्यानं तो काट्यावर ठेवला, वजन वाचलं आणि ढिगावर टाकला. लिहिलेली बाजू खाली गेली. मी चढून तो उलटा केला आणि मगच पैसे घेतले.