डबलसीट लष्कराच्या भाकऱ्या

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या असतील, तर निदान वाहन तरी लष्करी असावं, हा या मार्गदर्शिकेचा पाया आहे. बुलेट आपल्याकडे रुजली ती १९५०च्या दशकात, सीमेवर गस्त घालायला सरकारने मागवली म्हणून. आज तिच्यावर बसून पुण्यातला एक निवृत्त बँक अधिकारी दर रविवारी सासवडच्या पुढे एका उघड्याबोडक्या डोंगरावर रोपांना पाणी घालायला जातो. मी मागे बसते. हे सगळं मार्गदर्शन मागच्या सीटवरून केलेलं असल्यामुळे पुढचं काही दिसायचं राहून गेलं असेल, तर त्याला चालकाची पाठ जबाबदार आहे.

यापुढे ‘चालक’ म्हणजे आमचे हे. ‘मागची’ म्हणजे कोण ते सांगायला नको.

नियम पहिला : निघण्याची वेळ. वेळा दोन असतात. जाहीर वेळ साडेपाचची, खरी सात दहाची. मधल्या काळात गाडी सुरू करणे हा विधी होतो. आमची गाडी १९९४ची, म्हणजे मुलीपेक्षा वर्षाने थोरली, आणि तिचे लाडही तेवढेच जास्त झालेले आहेत. बटणस्टार्ट नाही. कृती अशी : डीकंप्रेशनची कळ दाबून किक हलक्या पायाने खाली न्यायची आणि नजर ॲमीटरच्या काट्यावर ठेवायची. काटा मधोमध आला की कळ सोडायची, किक पुन्हा वर येऊ द्यायची आणि मग एकच, न बिचकता, पूर्ण वजनाची लाथ. अंदाज चुकला किंवा पाय अर्ध्यात बिचकला, तर किक उलटी येऊन लागते. हे ज्ञान पुस्तकी नाही. चालकाच्या उजव्या नडगीवर ते कोरलेलं आहे.

या वेळात वरच्या मजल्यावरचे काका चहाचा कप घेऊन गॅलरीत येतात. ‘काटा मध्ये आला का?’ असं ते वरून विचारतात. मागचीने हेल्मेट आधीच घालून ठेवावं, म्हणजे हसू दिसत नाही.

जाता जाता एक कामाची गोष्ट. साखळीला तेल रविवारी सकाळी घालायचं नसतं, आदल्या संध्याकाळी एक चक्कर मारून आल्यावर साखळी कोमट असताना घालायचं. तेल आत मुरतं आणि सकाळी मागचीच्या सलवारीवर उडत नाही. हे मी आठ वर्षं सांगते आहे.

नियम दुसरा : हेल्मेट दोघांनी घालावं. पुण्यात हे वाक्य जरा हळू आवाजात म्हणायचं असतं. या शहरात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले आहेत आणि त्यातल्या एकात आमचे चालक घोषणा देत होते. तेव्हा आमच्याकडे स्कूटर होती. मोटार वाहन कायद्याचं १२९वं कलम मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट घालायला सांगतं. बुलेट आल्यावर चालकांचं मतपरिवर्तन झालं, पण ते डोक्यापुरतं आणि स्वतःच्याच. त्यांना साडेचार हजारांचं, मला रस्त्याकडेच्या ढिगातलं. ‘तू काय, मागेच असतेस,’ असं समर्थन होतं.

‘अहो, पडताना मी मागे राहणार आहे का?’

त्याच संध्याकाळी दुसरं हेल्मेट आलं, आयएसआय छापाचं. भांडण इतक्या लवकर मिटल्याची आमच्याकडे दुसरी नोंद नाही.

नियम तिसरा : याचा क्रमांक खरं तर १२३ आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत, क्रमांक १२३ला, मागच्या माणसासाठी तीन गोष्टी लिहून ठेवलेल्या आहेत : धरायला कडी, टेकायला पाय-टेकण आणि मागचं चाक निम्म्यापर्यंत तरी झाकेल असं आवरण, कपडा चाकात जाऊ नये म्हणून. ज्याला आपण साडीगार्ड म्हणतो, ते. बत्तीस वर्षांच्या संसारात माझ्यासाठी इतकं नेमकं लिहून ठेवलेलं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

चालकांनी साडीगार्ड काढून माळ्यावर टाकलं होतं. ‘लूक’ बिघडतो. मग एका रविवारी हडपसरच्या पुढे माझी ओढणी चाकाकडे ओढली जायला लागली. गळ्याभोवती गुंडाळलेली नव्हती, नुसती खांद्यावर होती, म्हणून निभावलं. मी पाठीत बुक्का मारला. त्यांना वाटलं, समोरचा खड्डा दाखवते आहे, म्हणून त्यांनी खड्डा चुकवला आणि मग थांबले. अर्धी ओढणी स्पोकमध्ये गुरफटलेली. एका फळवाल्याने कलिंगडाची सुरी आणून ती कापून काढली. चालक रस्त्याच्या कडेला बसले होते आणि त्यांचे हात थरथरत होते. माझे नव्हते, मला राग आलेला होता. घरी आल्यावर साडीगार्ड माळ्यावरून खाली आलं. तेव्हापासून ‘लूक’ हा शब्द आमच्या घरात कुणी काढलेला नाही. बायांनो, ओढणी घरी ठेवा, किंवा पोटाशी गाठ मारून वरून जाकीट घाला. एवढं एक ऐका, बाकीची मार्गदर्शिका नाही वाचली तरी चालेल.

नियम चौथा : घाटात मागचीने काही करू नये. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट लागतो. वळणावर गाडी कलते तिकडे आपण कलायचं. भीतीने अंग उलटीकडे टाकलं की गाडी वळण सोडून बाहेर जाऊ बघते. सोपी युक्ती म्हणजे वळण ज्या बाजूला, त्या बाजूच्या चालकाच्या खांद्यावरून पुढे बघायचं. अंग आपोआप जागेवर राहतं. खाली मस्तानी तलाव दिसतो, त्याच्याकडे बोट दाखवू नये. चालकही बघतो.

आषाढात याच घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात. आमच्या गाडीला पाण्याचे कॅन बांधलेले असताना एकदा क्लच घसरायला लागला. जादा जोडी नव्हती, म्हणून वजन कमी करण्याचा निर्णय झाला. कॅन गाडीवरच राहिले.

उपनियम : वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो. असे दोन बांधले की मागच्या टायरची हवा आधी वाढवून घ्यायची आणि ब्रेक नेहमीपेक्षा आधी धरायचा. कॅन काठोकाठ भरावा. अर्धवट असला की पाणी आत डुचमळतं आणि वळणावर गाडी आपल्या मनाची चालते.

नियम पाचवा : मिसळ कामानंतर.

पहिल्या वर्षी ती आधी होती. सासवडला थांबायचं, तर्री मागायची, मग ताक, मग कऱ्हा नदीच्या पुलावर उभं राहून पाणी आहे का ते बघायचं. आचार्य अत्रे इथल्याच कोडीतचे, आणि आत्मचरित्राला त्यांनी ‘कऱ्हेचे पाणी’ हे नाव दिलं. नदीत पाणी कमी आणि पुस्तकात भरपूर, हा चालकांचा विनोद मी आतापर्यंत त्याच पुलावर एकोणतीस वेळा ऐकला आहे. डोंगरावर पोचायला दहा वाजायचे. गावची माणसं सहाला काम सुरू करून नऊला घरी गेलेली असायची. आम्ही उन्हात उभे राहून झालेल्या कामाचं कौतुक करायचो आणि परत यायचो. असे तीन रविवार आम्ही समाजसेवा केली.

नियम सहावा : प्रत्यक्ष काम. यात आमची सुरुवात १ मे २०१८ची. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव अशा तीन तालुक्यांत सुरू झाली होती. २०१८च्या महाराष्ट्र दिनाला शहरातल्या माणसांना ‘जलमित्र’ म्हणून महाश्रमदानाला बोलावलं होतं. चालक नवी टोपी घालून गेले. कुदळ डोक्यावर उचलून त्यांनी पहिला घाव घातला तो मुरमावर बसला आणि ठिणगी उडाली. दुसरा घाव पहिल्याच्या जवळपासही नव्हता. शेजारी काम करणाऱ्या मावशी थोडा वेळ बघत राहिल्या.

‘सायेब, द्या ती हिकडं. तुम्ही फोटू काढा.’

एका वाक्यात माणसाचं मूल्यमापन इतकं अचूक मी रिझर्व्ह बँकेच्या तपासणीतही पाहिलेलं नाही. पण मावशींनी नंतर शिकवलंही. कुदळ डोक्याच्या वर न्यायची नाही, खांद्यापर्यंत पुरते. पडताना तिचं तिला पडू द्यायचं, आपण फक्त वाट दाखवायची. घमेलं अर्धंच भरायचं. शहरातली माणसं उत्साहाने शीग लावून घमेली भरतात, मग दहाव्या माणसापाशी माणसांची साखळी थांबते आणि सगळे पाणी प्यायला जातात.

चालकांना खरा सूर सापडला तो ए-फ्रेममध्ये. तीन बांबू किंवा काठ्या, इंग्रजी ‘ए’सारखी चौकट, शेंड्यावरून दोरीला लोंबणारा दगड. ती उभी करून दोरी आडव्या काठीवर कुठे येते तिथे खूण करायची, मग दोन्ही पायांच्या जागांची अदलाबदल करून दुसरी खूण करायची, आणि दोन खुणांच्या बरोब्बर मधे खरी खूण. त्यानंतर दोरी त्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. अशी पावलं टाकत डोंगरभर रेघ आखत जायचं आणि त्या रेघेवर चर खणायचा. चर पातळीत नसला तर पाणी एका टोकाला जमतं आणि बांध फोडून खाली जातं. पातळीत असला तर जागच्या जागी मुरतं. आयुष्यभर ताळेबंद जुळवलेला माणूस. दोरी खुणेवर आली की ‘टॅली!’ असं ओरडायचे. गावातली पोरंही मग ‘टॅली’ ओरडायला लागली. मागच्या वर्षी गेलो तर एक पोरगा त्याच्या धाकट्या भावाला सांगत होता की चराची पातळी लागली की तिला टॅली म्हणतात.

नियम सातवा : फोटो एकच काढावा आणि त्यात घाम आलेला माणूस असावा.

नियम आठवा : झाडं. जुलैत रोपं लावायला दोन बस भरून माणसं येतात. बॅनर असतो, वडे असतात. कुणीतरी रोप पिशवीसकट खड्ड्यात ठेवतो आणि टाळ्या होतात. आम्ही मागाहून जाऊन पिशव्या कापून काढतो. एप्रिलमध्ये पाणी घालायला असतो तो जथा असा : आम्ही दोघं, एक निवृत्त हवालदार आणि त्यांच्याबरोबर येणारं एक कुत्रं. पाणी आळ्यात, हळूहळू, अर्धी बादली. घाईने ओतलं की उतारावरून पळतं. वर वाळलं गवत पसरायचं, म्हणजे ओल टिकते. आपटा लावायचा तर भोवती काट्यांचं कुंपण हवंच. आमचे नऊ आपटे गावच्या शेळ्यांनी दसऱ्याची वाट न बघता लुटले. पहिल्या पावसाळ्यात लावलेल्या चाळीस रोपांपैकी अकरा जगली आहेत, बहुतेक कडुलिंब आणि करंज. एक वड आहे, तो माझ्या कमरेएवढा झाला आहे. त्याला पाणी घालताना चालक त्याच्याशी काहीतरी बोलतात. मी जवळ गेले की गप्प होतात.

नियम नववा : भांडण. हे दिवे घाट उतरून शहरात शिरेपर्यंत करता येत नाही, कारण वारा, इंजिन आणि दोन हेल्मेटं. ‘काय?’ ‘काही नाही!’ एवढंच पोचतं. या सोयीचा मी पुरेपूर उपयोग केला आहे. माहेरच्या लग्नात त्यांनी माझ्या भावाला काय सुनावलं त्यापासून ते तेलाच्या डागापर्यंत, सगळं मी त्यांच्या पाठीला सांगून झालेलं आहे. पाठ ऐकून घेते. उतरताना मात्र बोलू नये, तेव्हा चालकांना ऐकू द्यावं लागतं ते इंजिन : घाट ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा, नुसत्या ब्रेकवर लोंबकळत यायचं नाही.

आणखी एक. पुढे गतिरोधक आला की चालक डावा हात क्षणभर मागे आणून माझ्या गुडघ्यावर दोनदा टकटक करतात, म्हणजे मी सावरून बसावं. चालवताना दोन्ही हात हँडलवर असावेत, हे या मार्गदर्शिकेत यायलाच हवं होतं. मी ते घातलेलं नाही.

सध्या एप्रिल चालू आहे. कॅन आहेत, टाकीत पाणी आहे, उचलायला माणसं नाहीत. ज्यांच्याकडे दुचाकी आणि मागची, किंवा मागचा, दोन्ही आहेत त्यांनी रविवारी सकाळी सहाला दिवे घाटाच्या पायथ्याशी वडकीला यावं. येताना एक रिकामं घमेलं आणि पिशव्या कापायला जुनी कात्री आणा. आमच्यासाठी थांबू नका, पुढे व्हा. आम्ही सात दहाला घरून निघतो.