भाऊजींचे दोनशे डॉलर

अहो, ऐकलंत का? जरा अशा इकडे या, जास्वंदीच्या बाजूला. तिथून बोललं की सगळं त्यांच्या खिडकीत ऐकू जातं. बारा नंबरवाल्यांचं कळलं ना? छे, गुडघ्याचं नाही हो, ते जुनं झालं. बोटीवरचं! क्रूझवरचं!

अमेरिकेहून आल्या आल्या सगळ्या लेनला बदाम वाटून झाले, चॉकलेटं वाटून झाली. बहामाचे फोटो तर तुम्ही दोनदा बघितलेत. पण बोटीवरच्या कॅसिनोचा क तरी काढला का दोघांनी? नाही ना? मला कळलं ते त्यांच्या विहीणबाईंकडून. नागपूरच्या हो, सुनेच्या आई. त्या आमच्या वन्संच्या अगदी शेजारी राहतात. आणि वन्संच्या पोटात काही राहतं का, तुम्हीच सांगा! माझं तसं नाही. मी फक्त तुम्हालाच सांगतेय.

तर काय सांगत होते... लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलाने सरप्राइज दिलं. मायामीहून बहामा, आणि यांच्याबरोबर सासूसासरे पण. सुनेचंच डोकं, दुसरं काय. एवढ्यावर थांबायचं की नाही? पण नाही. बोट सुटायच्या कितीतरी आधी, घरबसल्या वेबसाइटवरून, त्याने दोन्ही खोल्यांच्या नावावर कॅसिनोचं क्रेडिट भरून ठेवलं. २०० डॉलर यांच्या कार्डावर, २०० त्यांच्या. कार्ड म्हणजे ते बोटीवर चढताना देतात ना, ते. खोलीची किल्ली तेच, पाकीटही तेच. कॉफी घ्या, टी-शर्ट घ्या, कार्ड पुढे करायचं. खिशातली नोट म्हणून निघत नाही, सगळा हिशोब शेवटच्या रात्री.

आता आपले भाऊजी कोण? जन्म बँकेत गेलेला माणूस. दिवाळीत आपण चिंचोके लावून तीनपत्तीला बसलो तरी हे उठून आत जातात! मुलाने पहिल्या दिवशी जेवताना सांगितलं, “बाबा, कार्डावर कॅसिनोचे दोनशे आहेत हं, मजा करा,” तेव्हा काटा तसाच हातात राहिला म्हणे. मग सुरू झालं फेमाचं, म्हणजे परकी चलनाच्या कायद्याचं, पुराण. लॉटरीसाठी आणि तसल्या खेळांसाठी भारतातून डॉलर पाठवता येत नाहीत, २००० सालचे नियम आहेत, शेड्यूल एक, अमुक कलम. व्याही बिचारे सूप पीत होते, ते प्यायचे थांबले. मुलगा म्हणाला, “बाबा, पैसे माझे आहेत, अमेरिकेतल्या कार्डावरून भरलेत. तुमचा फेमा इथे कुठून आला?” वहिनींनी टेबलाखालून पाय दाबला तेव्हा कुठे गप्प झाले.

पण गप्प बसतील तर भाऊजी कसले? दुसऱ्या दिवशी नाश्ता होताच काउंटरच्या लाइनीत उभे. हे पैसे परत द्या. ती मुलगी गोड हसून म्हणाली, “सॉरी सर, नॉन-रिफंडेबल.” बरं, मग वायफायच्या बिलात वळते करा. नाही. टिप्समध्ये? नाही. हिच्या मसाजला? नाही हो सर. मागे लाइन वाढत होती आणि वहिनी दुसरीकडे बघत समुद्र किती निळा आहे म्हणत होत्या!

यातली मेख मला आमच्या मावसबहिणीच्या मुलाने सांगितली. तोही बोटीवरच असतो ना, कॅसिनोच्या कॅशवर. आपली मुंबईची आणि गोव्याची पोरं किती आहेत त्या बोटींवर! त्यांना स्वतःला खेळायची बंदी असते म्हणे, आणि तेच बरं. तो म्हणाला, मावशी, बोटीवर क्रेडिटचे दोन कप्पे असतात. एक बोटीचं क्रेडिट. ते कॉफी, मसाज, सहली, कशालाही चालतं, आणि त्यातलं काही उरलं तर कधीकधी परतही मिळतं. दुसरं नुसतं कॅसिनोचं. ते मशिनमध्येच घालायचं, आणि बऱ्याच ठिकाणी एकदा तरी पूर्ण फिरवावंच लागतं. दोनशे टाकले आणि तसेच काढून घेतले, असं नाही चालत. फिरवून झाल्यावर जे जिंकाल ते मात्र तुमचं, खिडकीवर जाऊन रोख घ्या. आणि सफर संपेपर्यंत वापरलं नाहीत तर गेलं. लॅप्स!

लॅप्स म्हटल्यावर बँकवाल्याचं काय होत असेल, सांगा. मार्चअखेरीला ऑफिसात उरलेलं बजेट संपवायची घाई असते ना, अगदी तसं. त्यात बोट बंदरात असली की कॅसिनो बंद. किनारा सोडून पार आत गेल्यावरच त्याची दारं उघडतात. म्हणजे दिवस भरपूर आणि वेळ थोडा. शिवाय नाटकाच्या हॉलकडे जायचा रस्ताच कॅसिनोमधून! धूर काय, दिवे काय, टिंगटिंग काय. वहिनी म्हणतात, मी पदर नाकाला लावून जायची. पदर कसला, बोटीवर जीन्स घातली होती त्यांनी, फोटोत आहे.

हं, तर विहीणबाईंचं सांगायचं राहिलंच!

त्यांनी पहिल्याच रात्री उरकून टाकलं. मशिनपुढे बसल्या, कार्ड घातलं, शेजारच्या गोऱ्या आजींनी पिन कसा टाकायचा ते दाखवलं, आणि बटण दाबत राहिल्या. मशिनवर म्हणे दोन आकडे दिसतात, एक भेटीचा आणि एक जिंकल्याचा. भेटीचा शून्यावर आला तेव्हा जिंकल्याचा होता १७०. त्या उठल्याच! खिडकीवर गेल्या, १७० डॉलर रोख घेतले, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवले आणि पिझ्झा खायला गेल्या. सकाळी ऑम्लेटच्या लाइनीत सगळ्यांसमोर सांगितलं. सून म्हणाली, “आई, आणखी नाही खेळलीस?” तर म्हणतात, “बाप्पा! भूक लागली होती मला.”

भाऊजींचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता, असं विहीणबाई स्वतः सांगतात. आणि त्यांनी तरी काय करावं? नासाऊला उतरल्यावर स्ट्रॉ मार्केटात त्याच पैशातून सगळ्यांना वस्तू घेतल्या. लेकीला पिशवी, वहिनींना टोपली आणि भाऊजींना टोपी. ती विणलेली टोपी घातलेला फोटो नाही का, मागे गुलाबी इमारत? बघा परत. माणूस हसतोय, पण ते हसू आहे का?

शेवटची रात्र. बोट मायामीकडे परत निघालेली, बारा वाजले की दोनशे डॉलर बुडणार. भाऊजी शर्ट-पँट घालून, बूट घालून कॅसिनोत गेले. वहिनी मागे स्टुलावर बसल्या. सगळ्यात कमी पैशाचं मशिन शोधलं, त्याला पेनी मशिन म्हणतात. पण नाव पेनीचं, एका दाबाला पन्नास-साठ सेंट तरी जातातच. भाऊजी प्रत्येक दाबानंतर चष्मा वर करून आकडा बघणार, मनात वजाबाकी करणार, मग पुढचं बटण. भाचा म्हणतो, लास व्हेगासच्या नेवाडा राज्यात सरकारच दर महिन्याला आकडे छापतं, असली मशिनं शंभरातले नऊ-दहा स्वतःकडे ठेवतात. बोटीवर तसं कोणी छापून देत नाही. तरी मशिनने भाऊजींना फार वाईट वागवलं नाही. दोनशे फिरून संपले तेव्हा समोर आकडा होता १५५.

वहिनी म्हणाल्या, “चला, उठा. फुकटचे एकशे पंचावन्न झाले.”

आणि भाऊजी म्हणाले, “पंधरा कमी आहेत.”

कुणापेक्षा? अहो, विहीणबाईंपेक्षा! आता मला सांगा, पंधरा डॉलर म्हणजे काय, मायामीच्या विमानतळावर दोन सँडविच येणार नाहीत त्यात. पण एकशे सत्तरला तरी पोचायचंच. मग ते १५५ परत फिरले आणि गेले. आता हे पैसे तर भेटीचे नव्हते, जिंकलेले, हक्काचे होते! पण ते भेटीतूनच आलेले ना, म्हणून हात कापला नाही. असलं क्रेडिट भरून ठेवतात ते याचसाठी, मी सांगते. देणारा खूश, घेणाऱ्याला वाटतं आपलं काय जातंय, आणि माणूस दाराच्या आत येतो. आल्यावर पुढचं त्याचं तोच करतो.

तर मशिनने विचारलं, खोलीच्या खात्यातून घ्यायचे का? भाऊजींनी शंभर घेतले. मग शंभर. मग दीडशे. वहिनी तोवर स्टुलावरून उठून दोनदा कोपर ओढून बघून, शेवटी रागाने खोलीत निघून गेलेल्या.

पहाटे दाराखालून बिल आलं. भाऊजींनी टिपांच्या ओळी बरोबर आहेत का बघितल्या, वहिनींच्या कॉफ्या मोजल्या, आणि मग ते तीनशे पन्नास. त्याच्याखाली आणखी एक ओळ, कन्व्हीनियन्स फी, १७ डॉलर ५० सेंट. कार्डावरून कॅसिनोसाठी पैसे काढले की कंपनी बघून तीन ते पाच टक्के घेतातच, भाचा म्हणतो, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. बारीक अक्षर कोणी वाचायचं? जन्मभर दुसऱ्यांना वाचायला लावलेल्या माणसाने!

आणि गंमत बघा, तीनशे पन्नास गेल्याचं दुःख नाही. भाऊजी त्या फीवरच पेटले. “पाच टक्के! आपल्याच खात्यातून पैसे काढायचे पाच टक्के! आम्ही डिमांड ड्राफ्टला कधी एवढं कमिशन लावलं नाही!” त्यांच्या खात्यातून कुठे हो, मुलाच्या कार्डाशी जोडलेलं ना ते सगळं. तीस हजारांच्या वर रुपये झाले, आणि तेही भेट देणाऱ्याच्याच खिशातून! मुलगा काही बोलला नाही. सून पण नाही. सून बोलली नाही, हे वहिनींना जास्त लागलं. विमानतळावर विहीणबाईंच्या गळ्यात पडून रडल्या आणि सगळं सांगून बसल्या. तिथून नागपूर, नागपूरहून वन्सं, आणि मग मी. मी कुठे मुद्दाम विचारायला गेले?

सात नंबरच्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, त्यासाठी मायामीला कशाला जायला हवं, पणजीला मांडवीत बोटी उभ्याच आहेत की! त्यांचे हे भिशीच्या ग्रुपबरोबर जातात ना. तिथेही तेच, हो. तिकिटातच जेवण, पिणं आणि वर थोड्या चिप्स. त्या चिप्स एकदाच खेळायच्या, खिडकीवर दिल्या तर पैसे मिळत नाहीत, जिंकलात तर मिळालेल्या चिप्सचेच मिळतात. आणि आत शिरताना घेतलेल्या चिप्सवर जीएसटी, ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून थेट ४०. आपण मात्र जायचं, गोवेकरांना स्वतःला २०२० पासून खेळायला बंदी! तिथलं सरकार घरच्यांची काळजी बरोबर घेतं, असं सात नंबरच्या म्हणाल्या. आणि पुढच्या महिन्यात त्यांचे हे परत चाललेत, तेही त्याच दमात म्हणाल्या.

बरं, खरी बातमी तर पुढेच आहे. थांबा, दूध गॅसवर नाही ना तुमचं?

परवा भाऊजींना ई-मेल आला. त्याच बोट कंपनीचा. जितकं खेळाल तितके पॉइंट जमतात म्हणे, आणि जमले की पुढच्या सफरीला खोली स्वस्त, वर आणखी कॅसिनो क्रेडिट भेट. डिअर व्हॅल्यूड प्लेयर! भाऊजींनी तो डिलीट केला नाही. दोन दिवस तसाच ठेवला होता, स्टार करून. वहिनींनी बघितला आणि दुसऱ्या दिवशी हाताला धरून ट्रॅव्हलवाल्याकडे घेऊन गेल्या. मी तिथेच होते, आमच्या काशीच्या टूरचे पैसे भरायला गेले होते, योगायोगाने. वहिनी सरळ म्हणाल्या, “पुढच्या वर्षी नातवाला घेऊन जायचंय. कॅसिनो नसलेली बोट आहे का?”

तो म्हणाला, आहेत ना. एक हवाई बेटांभोवती फिरते, प्राइड ऑफ अमेरिका. हवाईत जुगारालाच बंदी, म्हणून तिच्यावर कॅसिनो नाही. पण ती तुमच्या मुलाला लांब पडेल. दुसरी डिस्नेची. त्यांच्या बोटींवर कॅसिनो नसतोच. वहिनींचा चेहरा असा खुलला! म्हणाल्या, “तीच करा. त्या उंदराचे कान घालून फिरतील हे, पण मशिनपुढे बसणार नाहीत.”

भाऊजी इतका वेळ भिंतीवरचा काश्मीर बघत होते. हळूच विचारलं, “बिंगो तरी असतो ना?”

आणि त्या पोराला काय माहीत बिचाऱ्याला! खुशीत म्हणाला, “असतो की काका! पैसे लावून!”