गॅस आणि वारा

मे महिना, भर दुपार, पुणे-सोलापूर रस्ता, आणि मागच्या सीटवर माझी आत्या लग्नपत्रिकेनं वारा घेत बसलेली. ज्या लग्नाला निघालो होतो, त्याचीच पत्रिका. पुढे एसी चार नंबरवर पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता. आवाजावरून वाटावं, आत बर्फ पडत असेल. जाळीसमोर हात धरला तर कुणी उसासा टाकावा एवढीच हवा.

"अरं, एशी लाव की," आत्या म्हणाली. ती मूळची मोहोळची.

"लावलाय, आत्या."

"मग त्यो माझ्यावर रुसलाय का?"

हा रुसवा दोन उन्हाळ्यांचा होता आणि दोन्ही उन्हाळ्यांत मी त्यावर गॅस भरून घेतला होता. गॅसचं निदान आपल्याला लगेच पटतं. छातीत दुखलं तरी आपण आधी गॅसच म्हणतो. एसीवाल्यानं नळ्यांना लाल-निळे मीटर लावले, भुवया चढवल्या आणि "गॅस कमी झालाय साहेब" म्हणाला, तेव्हा मी मान हलवून अठराशे रुपये मोजले. चार दिवस मला गारही वाटलं. अठराशे रुपये दिल्यावर वाटतंच.

वास्तविक हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो गोल फिरत राहतो. कमी झालाच तर कुठेतरी गळतोय, आणि आधी ती गळती शोधायची असते. हे ज्ञान मला छत्तीसशे रुपये गेल्यावर झालं.

इंदापूरच्या अलीकडे एक टायर बसल्यासारखा वाटला म्हणून पंक्चरवाल्याकडे थांबलो. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. हवा भरता भरता त्यानं मागच्या काचेतून हलणारी पत्रिका पाहिली आणि विचारलं, "साहेब, गार होत नाही की वारा येत नाही?"

मी गडबडलो. दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा सगळीकडे "एसी चालत नाही" एवढंच सांगत फिरत होतो. म्हणजे पोट दुखतंय की दात, ते न सांगता नुसतं "दुखतंय" म्हणायचं आणि गोळी घेऊन घरी यायचं.

त्यानं जाळीला हात लावला. "गार तर होतंय." मग बटण एकपासून चारपर्यंत फिरवून डॅशबोर्डला कान लावला आणि उभ्याउभ्या माझा क्लास घेतला. पंखा फक्त चारवरच चालत असेल तर रेझिस्टर गेला. आवाजच बसला असेल तर ब्लोअरची मोटर बघायची. सुरुवातीला वारा झकास येतो, अर्ध्या तासानं मरतो आणि एसी जरा बंद ठेवला की परत येतो, असं असेल तर आत कॉइलवर बर्फ धरतोय. "आणि आवाज वाघाचा, वारा उंदराचा, तर फिल्टर."

"कुठला फिल्टर?"

त्यानं माझ्याकडे करुणेनं पाहिलं आणि ड्रायव्हरशेजारचा खण उघडला. यालाच ग्लव्ह बॉक्स म्हणतात आणि त्यात हातमोजे सोडून सगळं असतं. पीयूसीचे जुने कागद, विक्सची डबी, कुणाचा तरी चष्मा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधीच बाहेर न आलेलं गाडीचं माहितीपुस्तक. सगळं सीटवर ओतून त्यानं खणाच्या दोन्ही कडा आत दाबल्या. खण खाली लोंबला. मागे एक चपटं झाकण होतं. म्हणजे अकरा वर्षं ते पुस्तक फिल्टरच्या दाराशीच बसून होतं.

फिल्टर बाहेर आला. तो मुळात पांढरा असतो हे मला नंतर दुकानात समजलं. हा गोधडीच्या रंगाचा होता. घड्याघड्यांत माती, मेलेली चिलटं आणि कडुनिंबाची पानं. एक-दोन नव्हेत, मूठभर.

कडुनिंब माझाच. म्हणजे सोसायटीचा, पण त्याखालची जागा मी भांडून मिळवलेली. गाडी सावलीत राहावी, एसीवर ताण येऊ नये म्हणून! आणि पुढच्या काचेखालच्या ज्या जाळीतून गाडी बाहेरची हवा घेते, तिच्यावर तो कडुनिंब वर्षानुवर्षं पानं गाळत होता.

आत्या खाली उतरून बघत होती. "पाडव्याला खायचा पाला हितं साठवून ठिवलास व्हय?"

पोरानं पंपाची नळी घेतली आणि स्वच्छ बाजूनं उलटा वारा मारला. धुळीचा असा लोट उठला की शेजारचा रसवंतीवाला ओरडला. फिल्टरच्या कडेवर बाण असतो, तो हवा जाते त्या दिशेला ठेवायचा, हे दाखवून त्यानं तो परत बसवला. "तात्पुरतं आहे. सोलापुरात नवा टाका. बिनफिल्टरची चालवू नका, सगळी घाण कॉइलवर बसेल." मी पन्नास दिले. टायर आणि फिल्टर मिळून चाळीसच होतात म्हणत त्यानं दहा परत काढले.

टेंभुर्णी यायच्या आत आत्यानं पत्रिका पिशवीत ठेवली आणि पदर डोक्यावरून घेतला. एसी दोनवर होता.

सोलापुरात नवा फिल्टर साडेतीनशेला मिळाला. मी तो स्वतः, अभिमानानं बसवला. बाण उलटा लागलाय हे दुसऱ्या दिवशी बायकोनं पाहिलं. गाडी अजून कडुनिंबाखालीच लावतो. पुण्यात सावलीतली जागा एकदा सोडली की परत मिळत नाही.